रविवारी पांदणीतून: नागपूरच्या थंडीतली एमटीबी (माउंटन बाइक), कोण कोण येऊन राहिलं?

गोटेघाट (धागाकर्ता) · गुरुवार, रात्री ९:४०

थंडी पडली एकदाची. आज सकाळी फुटाळा तलावावर चहावाल्याच्या शेगडीभोवती दहा जण उभे होते, चहा घेणारे तीन. म्हणजे आपला हंगाम सुरू झाला.

आपल्याकडे या सायकलीला दिवाळी ते शिवरात्र एवढेच दिवस. नंतर सकाळी आठलाच डोकं तापते, आणि पावसाळ्यात काळी माती चाक सोडत नाही. डोंगराचं तर नावच काढू नका. सेमिनरी हिल्सला आपण 'हिल्स' म्हणतो, यातच सगळं आलं. पण मुरूम आहे, गोटे आहेत, बंडीच्या चाकोऱ्या आहेत. आणखी काय पाहिजे?

बेत असा: रविवारी पहाटे ५:४५ ला काटोल नाका. फेटरीपर्यंत डांबरी, तिथून माहुरझरीच्या अंगाने पांदणींतून, म्हणजे वावरांमधल्या बैलगाडीच्या वाटांनी, एक मोठा फेरा, परतताना जुनापाणीची शिळावर्तुळं. सगळं मिळून पस्तीसेक किलोमीटर, त्यातले वीस कच्चे. साडेदहाच्या आत तर्री पोहे. शर्यत नाही, शेवटच्या माणसासाठी थांबायचं. हेल्मेट नसेल त्याने घरीच झोपावं.

तर्रीएक्स्ट्रा · गुरुवार, रात्री ९:४४

मी आलो. पोहे आधी ठेवता येतील का?

नवी_सायकल · गुरुवार, रात्री १०:१५

मी या धाग्यावर नवीन. सायकल हायब्रिड आहे, ३५ मिमीचे टायर, पुढे शॉकअप नाही. आजपर्यंत फक्त अंबाझरी, व्हीएनआयटी आणि परत. मला जमेल का? की तुम्हाला माझ्यासाठी ताटकळत बसावं लागेल? आणि थंडीत नेमकं घालायचं काय?

सराटा_शून्य · गुरुवार, रात्री ११:०२

@नवी_सायकल, जमते. गोट्यांच्या उतारावर उतरून चालायचं, त्यात लाज नाही, आम्हीही चालतो. टायरमध्ये ५० पीएसआयच्या आसपास हवा ठेवा. कमी ठेवली तर रिम गोट्यावर आपटते आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन छिद्रं पडतात, साप चावल्यासारखी. त्याला पॅच लावणं म्हणजे फाटक्या चड्डीला ठिगळ.

कपड्यांचं सोपं आहे. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घरातूनच उबदार निघालात तर फेटरी येईपर्यंत आतून ओले व्हाल आणि मग खरी हुडहुडी भरेल. आत पातळ टीशर्ट, वर वाऱ्याचं जाकीट, कान झाकायला काहीतरी, आणि पूर्ण बोटांचे हातमोजे. बोटं गारठली की ब्रेक किती दाबला तेच कळत नाही. नऊ वाजता हे सगळं पाठीवरच्या बॅगेत जाते, म्हणून बॅगेत जागा ठेवा.

आता माझा आवडता विषय. नागपुरात पंक्चरचे दोन बाप आहेत. एक सराटा. तो कसाही पडला तरी एक टोक वर ठेवतो, ज्याने घडवला त्याला दंडवत. पण तो दिसतो, काढता येतो. दुसरी बाभूळ. तिचा काटा टायरमध्ये शिरून आतच मोडतो, बाहेरून काही दिसत नाही. आपण ट्यूब बदलतो, हवा भरतो, दहा मिनिटांत पुन्हा फुस्स. म्हणून नवीन ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवायचं, ते जिथे अडेल तिथे काटा. बोट फिरवू नका. मी एकदा फिरवलं होतं.

ट्यूबलेसवाल्यांनी रविवारच्या आधी एकदा टायर उघडून पाहाच. सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा आतला द्रव, आपल्या उन्हाळ्यात आटून जाते. मी दिवाळीला उघडला तर आत रबराचे बोरांएवढे गोळे आणि द्रव नावालाही नाही. २९ इंची टायरला १०० मिली ताजं टाकलं. हवा मी ट्यूबलेसला २६ ठेवतो, वजन ७२ किलो. घरात १८ अंशांत भरली आणि बाहेर आठ अंश असले तर एक-दीड पीएसआय आपोआप उतरते, तेवढी धरून भरा.

प्रत्येकाने आपली ट्यूब, आपला पंप, आपलं मास्टर लिंक (चेन जोडायची कडी) आणि आपल्या सायकलीचं डिरेलर हँगर आणायचं. हँगर दुसऱ्याचं बसत नाही. यावर मागच्या वर्षी वाद घालणारे सद्गृहस्थ सात किलोमीटर चालले होते.

तर्रीएक्स्ट्रा · गुरुवार, रात्री ११:०६

सहा.

सायकलवाली_ताई · शुक्रवार, सकाळी ७:२०

यायची इच्छा आहे. दोन प्रश्न. पावणेसहाला काटोल नाक्यावर काळोख असतो. सूर्यच पावणेसातनंतर उगवतो. तासभर अंधारात चालवून मिळवायचं काय? आणि गोरेवाड्याचं जंगल तिथेच लागून आहे. बिबट्याचं काय?

गोटेघाट · शुक्रवार, सकाळी ८:०५

ताई, बिबट्या काय कुठेही असतो. २०२१ च्या उन्हाळ्यात तो आयटी पार्कच्या मागे निघाला होता आणि २०१९ मध्ये मिहानात वाघ फिरला. त्यामानाने आपण त्याच्याच घरी जाऊन राहिलो, निदान शिष्टाचार तरी आहे. जंगलाच्या कुंपणाच्या आत आपण कधीच जात नाही, परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. एकत्र राहायचं, वळणावर घंटी वाजवायची. मला स्वतःला भीती रोह्यांची (नीलगायींची) वाटते. तुरीतून ऐन वेळी आडवे येतात आणि ते घोड्याएवढे असतात.

वेळ थंडीसाठी ठेवली होती, पहाटेच्या धुक्यात मजा येते. पण विचार करतो.

ट्रॅकबहाद्दर · शुक्रवार, दुपारी १:३०

मी आहे. गोटेघाट, मागच्या फेऱ्याची जीपीएक्स फाईल (जीपीएसने नोंदलेली वाट) टाक ना इथे. रविवारी मी स्वच्छ रेकॉर्ड करून अ‍ॅपवर सार्वजनिक करतो, दोन-तीन सेगमेंटही (वेळ मोजायचे टप्पे) बनवतो. नागपूरचे ट्रेल नकाशावर आले पाहिजेत. पुण्याची पोरं सिंहगडाच्या पायथ्याशी दगड हलला तरी रेकॉर्ड करतात, आपण नुसते पोह्यांचे फोटो टाकतो.

तर्रीएक्स्ट्रा · शुक्रवार, दुपारी १:३३

पोह्यांवर का घसरला?

वावरवाला · शुक्रवार, रात्री ८:५०

मी इथे वाचतो, लिहीत नाही. आमचं वावर तुमच्या या फेऱ्यावर आहे. गाव सांगत नाही. बेत वाचला म्हणून लिहून राहिलो.

अंधारात पांदणीत येऊ नका. बिबट्यासाठी नाही म्हणत. हरभरा घाट्यावर येऊन राहिला, आता रात्री रानडुकरं येतात. एका रात्रीत अर्धा एकर उकरून ठेवतात. ज्याला परवडलं त्याने सोलरचं झटका मशीन लावलं. त्याचा झटका क्षणभराचा, थांबून थांबून येतो. जनावर ओरडते, पळते, मरत नाही. पण काही जण अजूनही लाईनीचा करंट सरळ तारेत सोडतात. गुन्हा आहे, सगळ्यांना माहीत आहे. विदर्भात त्याने वाघ मेले, माणसं मेली, तार लावणारेही मेले. तार गुडघ्याखाली असते आणि बारीक असते, उजेडातही नीट पाहावं लागते. तुमच्या सायकली अ‍ॅल्युमिनियमच्या. पुढचं मी सांगायला नको. उजाडल्यावर या, आणि पांदण सोडून धुऱ्यावर (बांधावर) चढू नका, कितीही सपाट दिसला तरी.

पाऊस नाही म्हणून पांदण कोरडी असेल असंही धरू नका. शेतीची लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची असली की आम्ही रात्रभर गव्हाला पाणी देतो, आणि पाट फुटला की पाणी पांदणीत. सकाळी वरून कोरडं दिसते, आत लोणी. त्यातून चाकं गेली की चाकोरी पडते आणि दोन दिवसांत ती विटेसारखी होते. बैलाचा पाय त्यात मुरगळतो. एका सायकलीने काही होत नाही. मागच्या जानेवारीत चाळीस आल्या होत्या.

त्या चाळीसांपैकी कोणीतरी कुपाटी (कुंपणाचं काटेरी फाटक) सरकवून वावरातून गेलं. फोटो काढायला असेल, हरभरा फुलला की दिसतो छान. कुपाटी लावली नाही. गावची गुरं तुरीत शिरली. आम्ही बोलायचं कोणाला? नाव माहीत नाही, तोंडं हेल्मेटात. मग माझ्या काकाने पांदणीच्या तोंडावर बोराटी (बोरीच्या काटेरी फांद्या) आणून टाकली. त्याचा फोटो तुम्ही इथेच लावला होता, 'ट्रेल ब्लॉक केला' म्हणून. मी तेव्हाही वाचला होता. ट्रेल नाही तो. आमचा कापूस त्यावरून घरी येतो.

ट्रॅकबहाद्दर · शुक्रवार, रात्री ९:१५

तुमचं नुकसान झालं हे वाईटच. पण पांदण सरकारी नकाशात असते ना? मग ती कोणा एकाची नाही. काका तिच्यावर बोराटी कसे टाकू शकतात?

वावरवाला · शुक्रवार, रात्री ९:२८

नकाशात आहे. नकाशात चांगली रुंद आहे, जमिनीवर एक बंडी कशीबशी जाते. मधली कुठे गेली? दोन्ही बाजूंच्या वावरात गेली, थोडी आमच्याही. मोजणी लागली तर गावात डोकी फुटतील. तुम्ही रविवारी येता, सोमवारी घरी असता.

ट्रॅकबहाद्दर · शुक्रवार, रात्री ९:३१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

जुनी_अ‍ॅटलास · शनिवार, सकाळी ६:१०

तरुण मित्रांनो, मी आता सायकल चालवत नाही, गुडघा नाही म्हणतो. पण याच रस्त्याने मी शाळेत असताना मामाच्या गावी जात असे. अ‍ॅटलास होती, गिअर एकच, तोही माझ्या पायात. काटा रुतला की बाभळीच्याच दुसऱ्या काट्याने काढायचा. पांदणीत बंडी समोरून आली की सायकल उचलून काठावर चढायचं आणि बंडीवाल्याला 'राम राम' घालायचा. तो हमखास विचारायचा, कोणाचा रे तू? मामाचं नाव सांगितलं की रस्ता मोकळा. वावरवाल्यांचं दुखणं मला तिथे दिसतं. चाळीस जण आले आणि एकालाही कोणी विचारलं नाही, कोणाचा रे तू.

थोडं अवांतर. जुनापाणीला जाल तर वर्तुळांच्या आत सायकल घालू नका. विस्कटलेल्या धोंड्यांसारखी दिसतात, पण ती लोहयुगातल्या माणसांची दफनं आहेत. इंग्रजांच्या काळात रिव्हेट-कार्नाक नावाच्या अधिकाऱ्याने इथे खोदकाम केलं होतं. माहुरझरीच्या उत्खननात तर माणसाबरोबर पुरलेले घोडे निघाले, तोंडावर तांब्याचा साज तसाच. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हात चांगले दिसतात. सायकल बाहेर आडवी ठेवा आणि पायी फिरा.

ट्रॅकबहाद्दर · शनिवार, सकाळी १०:४०

काल रात्री चिडून लिहिलं होतं, काढलं. दोन गोष्टी तरी मांडतो.

मी रेकॉर्डिंगचा आग्रह धरतो त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी उमरेडच्या बाजूला एकटाच पडलो होतो, खांदा निखळला. बायकोकडे लाईव्ह लोकेशन होतं म्हणून दीड तासात माणूस पोचला. नाहीतर तिथे कोण येणार होतं? आणि फाईल लपवून ठेवली तर नवीन माणसाने शिकायचं कसं? मग फक्त ओळखीच्यांचा क्लब उरतो.

पण सेगमेंटचं मागे घेतो. त्यात घड्याळ लागते, आणि घड्याळ लागलं की कोणी बंडीसाठी थांबत नाही. मी नसतो थांबलो.

गोटेघाट · शनिवार, दुपारी १२:२०

ठरलं ते असं. सकाळी ६:५० ला नाका, पांदणीत शिरायच्या वेळी लख्ख उजेड असेल. आठपेक्षा जास्त जण नाहीत. अजून कोणाला यायचं असेल त्याने पुढच्या रविवारी यावं, मीच घेऊन जाईन. नवीन माणूस असाच शिकतो, कोणाच्या तरी मागे जाऊन. रेकॉर्ड करा, घरच्यांना लोकेशन द्या, पण सार्वजनिक नाही. ओलं लागलं की उतरून कडेने, नाहीतर माघारी. चाळीसवाल्या ग्रुपमध्ये मी नव्हतो, पण बोराटीचा तो फोटो मीच लावला होता. आज काढला.

वावरवाले, तुमची हरकत असेल तर फेरा बदलतो. झिलपीकडे जाऊ.

वावरवाला · शनिवार, दुपारी ३:०५

या. आठ जणांना कोण नाही म्हणते. बोराटी उलिशी बाजूला करून ठेवतो, निघाले की पुन्हा लावा.

नवी_सायकल · रविवार, रात्री ९:००

वृत्तांत मी लिहावा असं ठरलं, कारण सगळ्यात जास्त वेळ रस्त्याकडे मीच जवळून पाहत होतो.

सात जण होतो. नाक्यावर नऊ अंश. गोटेघाटदादा म्हणाले हे काहीच नाही, २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ वर गेला होता आणि त्या दिवशीही ते निघाले होते. त्यांच्याबरोबर कोण होतं विचारलं तर म्हणाले, कोणी नाही. फेटरीपर्यंत माझी बोटं माझी नव्हती.

डांबर सोडल्यावर पहिल्याच शंभर मीटरमध्ये कळलं की शहरातली सवय इथे उलटी आहे. मी खड्डा दिसला की त्याच्याकडेच पाहायचो आणि बरोबर त्यातच जायचो. ताई मागून ओरडत होत्या, गोट्याकडे पाहू नका, जिथे जायचं तिथे पाहा. सीटवरून थोडं उठून, गुडघे-कोपरं सैल सोडून चालवलं की सायकल आपल्याखाली नाचते आणि आपण शांत राहतो. हे जमलं तेव्हा दोन्हीकडे तूर डोक्याएवढी, तिच्यावर दव, मधून पिवळं ऊन, आणि चाकाखाली मुरमाचा एकसारखा करकर आवाज. पाच मिनिटं कोणीच बोललं नाही. तर्रीएक्स्ट्राही नाही.

पंक्चर एकूण पाच, त्यातले तीन माझे. दुसरं आणि तिसरं एकाच काट्याने, कारण कापड फिरवायचं मी विसरलो होतो. सराटा_शून्यदादांनी नुसतं पाहिलं, बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

मग पडलो. वाळलेल्या चाकोरीत पुढचं चाक उतरलं, मी हँडल वळवायला गेलो, सायकल तिथेच राहिली आणि मी पुढे गेलो. गुडघा सोलला. सायकल उजव्या अंगावर पडली, मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वाकून थेट स्पोक्सवर. हँगर, म्हणजे डिरेलरला फ्रेमशी जोडणारा तुकडा, तुटलेलं. आणि हो, दुसरं हँगर आणलं नव्हतं. यादी वाचली होती, मला वाटलं हँगर म्हणजे गाडीवर सायकल टांगायचं काहीतरी असेल.

तिथेच वावरवाले आणि त्यांचे काका भेटले. दुरुस्ती चालली असताना काका बसून पाहत होते. मग विचारलं, केवढ्याची आहे एक? सगळे एकदम चेन पाहायला लागले. शेवटी तर्रीएक्स्ट्रा म्हणाला, सेकंडहँड घेतली काका. काका म्हणाले, म्हणजे गोऱ्ह्याच्या भावात. आणि उठून हरभऱ्याचे घाटे आणले, ओंजळ ओंजळ सगळ्यांना. थंडगार, वर दव, बोटांना खारट आंब लागते ती अजून जात नाही.

जुनापाणीला पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं, वाटीसारखे खळगे एकालाही सापडले नाहीत. पुन्हा जावं लागेल. पोहे १२:१५ ला.

सराटा_शून्य · रविवार, रात्री ९:४०

हँगर तुटलं तर काय करायचं, इतरांसाठी. डिरेलर काढून टाका, चेन तोडून छोटी करा, पुढच्या एका आणि मागच्या मधल्या चक्रीवर सरळ रेषेत बसवून मास्टर लिंकने जोडा. मागे शॉकअप नसलेल्या सायकलीला हे चालते. गिअर एक, अ‍ॅटलास तयार. चेन थोडी सैल राहिली तर ती मोठ्या चक्रीवर चढायला पाहते, म्हणून जोर हळू द्यायचा. मुलाने तसंच चौदा किलोमीटर चालवलं, कुरकुर केली नाही.

जुनी_अ‍ॅटलास · रविवार, रात्री ९:५५

खळग्यांसाठी आठच्या आत पोचा.

सायकलवाली_ताई · रविवार, रात्री १०:१०

पांदणीच्या तोंडाशी दोन्ही वेळा बोराटी मीच लावली आणि हातमोज्याची तीन बोटं फाटली. पुढच्या वेळी हे काम पुरुषांनी करावं. आणि माझा छोटा काळा पंप कोणाकडे आहे?

वावरवाला · सोमवार, सकाळी ७:१५

पंप इथे धुऱ्यावर सापडला. काकाने कालपासून त्याने पुतण्याच्या फुटबॉलात हवा भरायचा प्रयत्न चालवला आहे. पिन बसत नाही म्हणतात.

सराटा_शून्य · सोमवार, सकाळी ७:३२

फुटबॉलची पिन माझ्याकडे आहे, रविवारी आणतो. लाईन कधीची आहे या आठवड्यात?

वावरवाला · सोमवार, सकाळी ७:५०

शुक्रवारपर्यंत रात्रीची. रविवारी सुकलेलं राहील. सातच्या आधी येऊ नका.